दुखण्याचं दुकान

कुठल्याही समारंभात कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी "फार्मासिस्ट आहे" म्हणून सांगते, आणि समोरच्याचा हात आपोआप त्याच्या दुखऱ्या जागेवर जातो. कोणाचा मानेवर, कोणाचा कंबरेवर. केंब्रिजला एका बारशात एका गृहस्थांनी एका हातात ताट सांभाळत दुसऱ्या हाताने मोजा काढून मला टाच दाखवली होती. ते तिथल्या विद्यापीठात कसल्याशा अतिसूक्ष्म कणांवर संशोधन करतात. "सकाळी पहिलं पाऊल टाकलं ना, की नेमकी इथे कळ येते," ते म्हणाले. मी जिलबी खात होते. जिलबी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने टाच दाबून बघितली. बघितली नसती तर त्यांनी दुसराही मोजा काढला असता.

मिल्टन कीन्समधल्या एका औषधांच्या दुकानात मी गेली कित्येक वर्षं उभी आहे. उभी आहे म्हणजे खरोखरच उभी आहे. आमच्या व्यवसायात बसायला मिळत नाही, त्यामुळे दिवसभर दुसऱ्यांच्या पाठीची चौकशी करून संध्याकाळी मी घरी जाते आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी होते. नवरा विचारतो, "तुझ्याकडे एवढी औषधं, तुला काही चालत नाही का?" त्याला सांगते, "मिठाईवाला मिठाई खातो का कधी?"

लोकांना वाटतं, फार्मासिस्ट म्हणजे मोठ्या डब्यातल्या गोळ्या छोट्या डब्यात घालणारी बाई. खरं काम वेगळंच आहे. प्रश्न विचारणं हे खरं काम. माणूस दुखणं घेऊन येतो, त्याला गोळी हवी असते, आणि मी गोळी देण्याआधी विचारते, "आणखी काय काय घेता?" इंग्रज असो की मराठी, उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही." या ‘काही नाही’ मध्ये रक्त पातळ करायची गोळी असते, माशाचं तेल असतं, हळदीच्या कॅप्सूल असतात, बायकोला दिलेल्या गोळ्यांतल्या उरलेल्या असतात, आणि मागच्या ख्रिसमसला मेहुण्याने पुण्याहून आणलेली एक स्ट्रिपही असते. हे सगळं एकेक करून बाहेर काढायचं आणि समोरच्याला चोर पकडल्यासारखं वाटू द्यायचं नाही, ही या धंद्यातली कला. मला ती बऱ्यापैकी येते, असं मीच म्हणते.

वाचकांपैकी कोणाच्या तरी गुडघ्यात आत्ता कळ येत असेल, म्हणून थोडक्यात सांगून टाकते. दुखणं वेगळं आणि सूज वेगळी. पॅरासिटामॉल दुखणं कमी करतं, सुजेच्या वाटेला फारसं जात नाही. आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या दुखणं आणि सूज दोन्ही आवरतात, पण पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाशी त्यांचं अजिबात जमत नाही. कोडीनवाल्या गोळ्या दुखणं झोपवतात, पोट बांधून ठेवतात आणि माणसाला सवय लावतात. स्टेरॉइड हे सगळ्यांत जबरदस्त. योग्य वेळी, डॉक्टरच्या नजरेखाली दिलं तर जीव वाचवतं. बेहिशेब घेतलं तर काय होतं ते पुढे येईलच.

आता घरगुती उपायांबद्दल. मी त्यांची शत्रू नाही. माझे आजोबा वैद्य होते, सांगलीत आमच्या घराला काढ्यांचा वास यायचा, आणि खरा वैद्य आपण काय देतोय ते रोग्याला सांगतो हे मी त्यांच्याकडे पाहिलेलं आहे. शेक, निर्गुडीचं तेल, हळदीचं दूध, सकाळच्या उन्हात चालणं, यांना मी कधी नाक मुरडलं नाही. मिल्टन कीन्समध्ये यातलं सकाळचं ऊन तेवढं मिळत नाही. माझा नियम सोपा आहे. अंगाला लावायचं ते लावा, फक्त जपून लावा. पोटात जाणार असेल ते आधी मला दाखवा.

‘जपून’ हा शब्द नंतर घातला. आमच्या मराठी मंडळाच्या क्रिकेट सामन्यानंतर एका हौशी गोलंदाजाने खांद्याला उष्णता देणारं मलम चोळलं, त्यावर गरम पाण्याची पिशवी बांधली, आणि नंतर त्याच हाताने डोळ्यांतल्या कॉन्टॅक्ट लेन्स काढल्या. तो दुकानात आला तेव्हा खांद्यावर फोड होते आणि दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बायको हात धरून घेऊन आली होती. "विकेट किती काढल्या?" मी विचारलं. "एकही नाही," बायकोने सांगितलं.

इंग्रज लोक औषधांच्या बाबतीत शहाणे असतात असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. माझे जुने गिऱ्हाईक आर्थर रोज जिनमध्ये भिजवलेल्या मनुका खातात. हा त्यांच्या आईकडून आलेला संधिवाताचा उपाय. गोळ्यांबरोबर चालेल का, असं विचारायला ते आले होते.

"किती मनुका खाता?"

"मोजत नाही. मोठा चमचा आहे."

"आणि गुडघे?"

"गुडघे होते तसेच आहेत," आर्थर म्हणाले, "पण आता मला त्याचं एवढं काही वाटत नाही."

माझी सहकारी लिंडा स्वतः गुडघ्याला कोबीची पानं बांधते. फ्रिजमधली गार पानं, वरून बँडेज. मी तिला म्हटलं, आमच्याकडे एरंडाचं पान गरम करून बांधतात. त्यावरून तिला वाटलं की आपलं शास्त्र एकच आहे, फक्त तापमानात मतभेद आहेत.

आमच्या नेर्लेकरकाकूंना हा एरंडच इथे मिळेना. सुनेच्या घरी सहा महिन्यांसाठी आलेल्या, गुडघा सुजलेला. शेजारणीच्या बागेत त्यांना तळहातापेक्षा चांगली मोठी, जाड पानं दिसली. ती रुबार्बची होती. काकूंनी खुणेने विचारलं, शेजारीण हसून ‘हो’ म्हणाली, आणि काकूंनी देठ तिथेच टाकून फक्त पानं नेली. इथे देठाचा गोड पदार्थ करतात आणि पानं पोटात गेली तर विषारी असतात. शेजारणीने ते पाहिलं आणि ती धावतच आमच्या दुकानात आली. "ती इंडियन लेडी पानं घेऊन गेली. ती त्याची करी करणार." मी काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, "अगं, भाजी कशाला करीन? तव्यावर गरम करून बांधलंय. बरं वाटतंय." मी शेजारणीला निरोप दिला. तिने आनंदाने काकूंना आणखी पानं नेऊन दिली, आणि देठांचा गोड पदार्थही करून दिला. काकूंनी तो चाखून बघितला आणि गुडघ्याला पानच बरं असा निर्णय दिला.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि बहुतेक दिवस आमचे असेच जातात. मालतीताईंचं तसं नव्हतं.

मालतीताईंना मिल्टन कीन्सच्या मंडळात ओळखत नाही असा माणूस नाही. निवृत्त होईपर्यंत त्या कौन्सिलची मिनीबस चालवायच्या. ज्या मुलांना स्वतःहून शाळेत जाता येत नाही त्यांना घरून उचलायचं आणि घरी आणून सोडायचं. निवृत्तीनंतर मुलांच्या जागी म्हाताऱ्या आल्या एवढंच. कोणाची हॉस्पिटलची अपॉइंटमेंट असो, कोणाला भजनाला यायचं असो, मालतीताईंची निळी गाडी दारात. आमच्या गावात गाडीवाचून पान हलत नाही. सगळं एकमेकांपासून लांब, आणि मध्ये गोल चौक, राउंडअबाउटच राउंडअबाउट. त्यांचे यजमान श्रीधरराव सर्व्हेअर होते, पण डोळ्यांच्या मधल्या भागातली नजर गेल्यामुळे त्यांचं लायसन्स जमा झालेलं. त्यांना कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणजे ते घर मालतीताईंच्या दोन हातांवर चालायचं. हात गेले की गाडी गेली, आणि गाडी गेली की दोघंही घरात बंद.

आणि नेमके ते हातच दुखायला लागले होते. सकाळी बोटं आखडलेली, सांधे सुजलेले, बरणीचं झाकण उघडेना. त्या जेल घ्यायला माझ्याकडे यायच्या. "दोन्ही हातांचे तेच सांधे, आणि सकाळी जास्त, म्हणजे हे साधं वयाचं दुखणं वाटत नाही. सर्जरीत जाऊन दाखवा," मी सांगायची. (इथे डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात.) त्या "हो हो" म्हणायच्या आणि कोणाला तरी हॉस्पिटलला पोचवायला जायच्या.

मग एका वसंतात त्या एकदम टवटवीत होऊन आल्या. झाकणं उघडायला लागली होती. दुकानात शिरताच त्यांनी माझ्यासमोर दोन्ही मुठी आवळून दाखवल्या. भावाने पुडी पाठवली होती. त्याच्या ओळखीतलं कोणीतरी देतं, रोज एक, मधातून. मंडळात सगळे म्हणायला लागले, मालतीताई, तब्येत छान सुधारली. मला मात्र त्यांचा चेहरा नुसता भरलेला दिसत नव्हता, गोल झालेला दिसत होता. मनगटांवर निळे डाग होते, कुठे आपटलं ते त्यांना आठवत नव्हतं. भूक भरपूर लागत होती.

"मालतीताई, ती पुडी मला एकदा दाखवा ना."

"कशाला? आयुर्वेदिक आहे."

"बघते तरी."

"तुला ना मेधा, सगळ्यात केमिकलच दिसतं. दादा स्वतः घेतो. त्याला काही झालं नाही."

मी त्यांना आतल्या कन्सल्टेशन रूममध्ये नेलं आणि स्पष्ट सांगितलं. इतक्या झटपट इतका फरक पडतो तेव्हा त्यात कोणीतरी न सांगता स्टेरॉइड घातलेलं असू शकतं. तसं असेल तर चेहरा असा भरतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. रक्त तपासून घ्या. आणि हे महत्त्वाचं, स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. आधी मला आणून दाखवा.

"बरं, आणते," त्या म्हणाल्या. आणली नाही. मी फोन केला, की त्या ड्रायव्हिंग करत असायच्या.

जुलैतली एक सकाळ. श्रीधरराव दुकानात आले. पायी. आमच्याकडे चालणाऱ्यांसाठी तांबड्या डांबराचे रेडवे आहेत, त्यावरून काठी टेकत, एकटेच. इतक्या वर्षांत मी त्यांना मालतीताईंच्या गाडीतून उतरताना सोडून कधी बघितलं नव्हतं.

"आज एकटेच?"

"हो, हिला जरा थकवा आलाय. ते साखर-मिठाच्या पाण्याचे सॅशे द्या. उलट्या होतायत, आणि उठलं की चक्कर येते. उपासाचं असेल."

"एकादशीला तर बरेच दिवस झाले."

"तो नाही हो. चातुर्मासाचा नेम. दर वर्षी काहीतरी सोडते. गेल्या वर्षी चहा सोडला होता, घरात सगळ्यांचे हाल झाले. या वर्षी म्हणाली, सगळ्यांत जे प्रिय ते सोडायचं." ते हसले. "पुडी सोडली."

मी सॅशेचं खोकं तिथेच ठेवलं.

साध्या शब्दांत सांगायचं तर आपलं शरीर स्वतःपुरतं स्टेरॉइड रोज स्वतः बनवतं. बाहेरून भरपूर यायला लागलं की आतलं काम बंद पडतं. मग बाहेरचं एकदम थांबवलं तर आतलं लगेच सुरू होत नाही, रक्तदाब कोसळतो, आणि माणूस त्यात जाऊ शकतो. साखर-मिठाच्या पाण्याने त्यात काही फरक पडत नाही.

"घरी कोण आहे त्यांच्याजवळ?"

"कोणी नाही. झोपलीय."

मी दुकान सोडून गेले असते तर कायद्याने औषधं देणं थांबलं असतं, आणि मला तर फोनवर बोलायचं होतं. लिंडाला दोन वाक्यांत सांगितलं, तिने लगेच कोट घातला आणि श्रीधररावांना गाडीत बसवून घेऊन गेली. मी ॲम्ब्युलन्ससाठी ट्रिपल नाइन लावला. पलीकडच्या बाईला सांगितलं, बहात्तर वर्षांची बाई, बहुतेक न कळत स्टेरॉइड घेत होती, एकदम बंद केलंय, उलट्या आणि चक्कर. ती म्हणाली, "कोणतं स्टेरॉइड?" मी म्हटलं, "माहीत नाही. पुडी आहे." पुडीला इंग्रजीत काय म्हणावं ते मला त्या क्षणी सुचेना. मग मी कागदात बांधलेली पावडर असं सांगितलं, आणि तिला वाटू नये तेच वाटलं. ते निस्तरून ॲम्ब्युलन्स निघेपर्यंत माझ्या अंगाला घाम फुटला होता. काउंटरवर आर्थर उभे होते. त्यांनी मुकाट्याने दारावरची पाटी उलटी केली आणि येणाऱ्यांना पाच मिनिटं थांबायला सांगत दारातच उभे राहिले.

मालतीताई वाचल्या. हॉस्पिटलमध्ये इंजेक्शन मिळालं आणि त्या संध्याकाळपर्यंत चहा मागण्याइतक्या सावध झाल्या. पुडी तपासायला गेली, त्यात स्टेरॉइड निघालं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी श्रीधररावांना कँटीनमध्ये पाठवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू सांगितलंस तेव्हाच घाबरले होते गं मी. पण मेधाच्या सांगण्यावरून सोडली असं कोणी म्हणायला नको होतं. म्हणून देवाचं नाव पुढे केलं."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी सांगितलेल्यातलं भीतीचं तेवढं त्यांच्या मनात राहिलं आणि ‘एकदम बंद करू नका’ हे वाहून गेलं. सल्ला देणाऱ्याला वाटतं आपण सगळं सांगितलं. ऐकणारा त्यातलं त्याला सोसेल तेवढंच घेऊन जातो.

पण खरी कठीण वेळ पुढे आली. स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू, जिना उतरावा तशा कमी करत नेल्या, आणि पुडीने इतके महिने झाकून ठेवलेलं दुखणं उघडं पडलं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं ते. बोटं पुन्हा सुजली, आधीपेक्षा जास्त. त्यावरचं औषध, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, सुरू झालं, पण ते सावकाश गुण देतं. चमचा धरवेना, तिथे स्टिअरिंग कसलं. निळी गाडी घरासमोरच्या ड्राइव्हवर उभी राहिली. मी घरी गेले तर मालतीताईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

"पुडीने मी गाडी चालवत होते," त्या म्हणाल्या. "तुमच्या औषधांनी घरात बसले. तूच सांग, बरी कशाने होते?"

"वेळ लागेल, मालतीताई. पण हे औषध सांधे वाचवतं. पुडी नुसतं कळू देत नव्हती."

"ह्यांना सर्जरीला न्यायला आज टॅक्सी बोलावली. ड्रायव्हरला राउंडअबाउटवरून कुठे वळायचं तेसुद्धा कळत नव्हतं." आणि दार लावून घेतलं.

पुढच्या महिन्यात त्यांची प्रिस्क्रिप्शनं आमच्याकडे यायची बंद झाली. त्यांनी दुकान बदललं होतं. आमच्या व्यवसायात याला घटस्फोटच म्हणायचं. लिंडा म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस." मी लावून घेतलं. मंडळाच्या दिवाळीला त्या आल्या नाहीत, आणि त्यांच्या गाडीने येणाऱ्या बायकाही दिसल्या नाहीत. हॉलमध्ये भरपूर खुर्च्या रिकाम्या होत्या. फराळाच्या टेबलापाशी एका काकांनी मला आपला खांदा दाखवला तेव्हा मी पहिल्यांदाच म्हटलं, "आज नको."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, दुकानात बऱ्यापैकी गर्दी असताना, बाहेर निळी गाडी येऊन थांबली. एकाच वळणात, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत अचूक. मी कात्री हातात घेऊन बघतच राहिले. गाडीची चार दारं उघडली आणि त्यातून मंडळातल्या चार बायका एकेक पाय खाली ठेवत, दाराला धरत, सावकाश उतरल्या. सगळ्यांत शेवटी ड्रायव्हरच्या बाजूने मालतीताई. चेहरा पहिल्यासारखा झाला होता. बोटं सरळ नव्हती, पण किल्ली त्यांनी स्वतः पर्समध्ये टाकली.

"मेधा, आत जागा आहे का?" इतक्या महिन्यांनी त्यांचे माझ्याशी पहिले शब्द.

मी काउंटरच्या बाहेर आले.

"या चौघींना मी पुडी दिली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दादाने मोठा डबा पाठवला होता. मला गुण आला म्हणून वाटली. वर पुन्हा त्याच्याकडून मागवूनही दिली. तुला तोंड कुठे दाखवणार होते?"

मी त्या चौघींकडे बघितलं. चार गोल चेहरे. मंडळात वर्षभर आपण सगळ्यांची तब्येत सुधारली म्हणत होतो.

"अजून घेतायत?"

"घेतायत. हॉस्पिटलमधूनच एकेकीला फोन केला होता. म्हटलं, डॉक्टरकडे जा, आणि जाईपर्यंत बंद करू नका. बंद केली नाही कोणी, पण गेलीही नाही कोणी. एकीचे डॉक्टर रागावतील, एकीच्या सुनेला वेळ नाही. रोज सकाळी फोन करून विचारत होते, घेतली का म्हणून. दादालाही तसंच. तो मात्र गेला तिकडे डॉक्टरकडे, माझ्या शिव्या खाऊन."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत? मी प्रत्येकीच्या घरी गेले असते."

"गेली असतीस. चेहरा, साखर, हाडं, सगळं समजावून सांगितलं असतंस." त्या माझ्या नजरेला नजर देऊन म्हणाल्या. "आणि तू निघून गेल्यावर या घाबरून एकट्या घरात ती बंद करून बसल्या असत्या. मी बसले ना तशी. म्हणून म्हटलं, गाडी चालवता आली की मीच उचलून आणीन. तुझ्यासमोर बसतील, विचारतील, आणि परत मी घरी सोडीन."

त्यांच्या मागे चौघींतल्या सुमनताई काउंटरला टेकून उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, हिने किती सराव केलाय माहितीये? श्रीधरराव सांगत होते. रोज सकाळी त्यांना शेजारी बसवायचं, ड्राइव्हवर उभ्या असलेल्या गाडीत, आणि स्टिअरिंग धरून बघायचं. थंडीत. गाडी सुरूसुद्धा करायची नाही. ते बिचारे कोट घालून बसायचे. म्हणाले, महिनाभर आम्ही रोज फिरायला जातोय आणि अजून गेटच्या बाहेर पडलो नाही."

सगळ्या हसल्या. लिंडाला एक अक्षर कळलं नव्हतं, तीही हसली.

"हात दुखतायत?" मी विचारलं.

"दुखतात की. पण वळतात." मालतीताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो हलका होता आणि गरम होता. "सोमवारची गोळी सोमवारीच घेते, एकदाही चुकवली नाही. नेम आहे माझा. ते सोड. आधी यांचं बघ."

त्या चौघींचं पुढे नीट झालं. सोमवारी मी त्यांच्या सर्जरींना फोन केले, आणि सगळ्या अपॉइंटमेंटना त्यांना मालतीताईंनीच पोचवलं. पण त्या शनिवारी मला फक्त एवढं दिसत होतं की कन्सल्टेशन रूममध्ये दोनच खुर्च्या आहेत आणि बायका पाच. लिंडाला काउंटर सांभाळायला सांगितलं आणि स्टुलं आणते म्हणून मागच्या खोलीत गेले. स्टुलं दारातच होती. तरी मला यायला बराच वेळ लागला, कारण रडताना फार्मासिस्ट गिऱ्हाइकांना दिसलेली बरी नाही.